दूरमापन आणि वळणावरील मोटारचालन

धावत्या वाहनाचा वेग, प्रवेग, ब्रेकवरील दाब, ॲक्सिलरेटर किती दाबला आहे त्याचे प्रमाण, स्टिअरिंगचा कोन इ. राशी क्षणोक्षणी मोजून त्यांच्या नोंदी दूरच्या ठिकाणी पाठविणे किंवा मागाहून वाचण्यासाठी साठवून ठेवणे, यास मोटारशर्यतीच्या क्षेत्रात दूरमापन म्हणतात. काटेकोरपणे पाहता बिनतारी पद्धतीने दूर पाठविलेल्या नोंदींनाच हे नाव शोभते. तथापि वाहनातच साठविलेल्या नोंदींनाही व्यवहारात तेच नाव रूढ झाले आहे. संगणकावर मार्ग, वाहन आणि त्यांवर क्रिया करणारी बले गणिताने उभी करून जी शर्यत खेळली जाते, तीस सदृशीकृत शर्यत किंवा रूढ भाषेत सिम रेसिंग म्हणतात. अशा शर्यतीतील वाहन मुळातच आकड्यांचे बनलेले असल्याने कोणतेही मापक न बसविता या सर्व नोंदी हाती येतात आणि त्यांचा मुख्य उपयोग वळण घेण्याचे कौशल्य सुधारण्यासाठी होतो. जळगाव व धुळे या खानदेशातील जिल्ह्यांत राष्ट्रीय दर्जाचा शर्यतमार्ग नाही. देशातील प्रमुख कायमस्वरूपी मार्ग चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाई, कोईमतूर आणि ग्रेटर नोएडा येथे आहेत. वळणाचे शास्त्र शिकू पाहणाऱ्या येथील तरुणाच्या दृष्टीने म्हणून या तंत्रास मनोरंजनापलीकडचे महत्त्व आहे. तथापि वळण मोजण्याची कल्पना या प्रदेशाला नवी नाही. ती सव्वाशेहून अधिक वर्षे येथे निराळ्या रूपात नांदत आहे.

सरळ रस्त्यावर चालकाची चूक बहुधा झाकली जाते, वळणावर ती उघडी पडते. वळणास लागणारे केंद्राभिमुख बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे त्याचे कारण होय. ५० मी. त्रिज्येचे वळण ताशी ४० किमी. वेगाने घेताना वाहनास गुरुत्वीय प्रवेगाच्या सु. एक चतुर्थांश इतका आडवा प्रवेग लागतो. वेग ताशी ५० किमी. केला, म्हणजे केवळ एक चतुर्थांशाने वाढविला, तर तोच प्रवेग दीडपटीहून अधिक होतो. चालकाच्या इंद्रियांना मात्र हा फरक किरकोळ वाटतो. चाळीसगावहून कन्नडकडे चढणारा औट्रम घाट, जळगाव–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरील फर्दापूरजवळचा अजिंठा घाट, धुळ्याच्या दक्षिणेस लळिंग किल्ल्याच्या पायथ्याचा घाट किंवा शिरपूरच्या पुढे सातपुडा ओलांडणारा बिजासन घाट यांतून नित्य ये-जा करणाऱ्या चालकांच्या हातांना हे गणित ठाऊक असते. ते किती ठाऊक आहे आणि कोठे चुकते, हे मात्र चालकास स्वतःस सांगता येत नाही.

लोहमार्ग व रस्ते : खानदेशात वळण मोजण्याची पहिली पद्धतशीर व्यवस्था लोहमार्गाबरोबर आली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८६० नंतरच्या दशकात चाळीसगाव, जळगावमार्गे भुसावळपर्यंत आला आणि थळ घाटातील चढ १८६५ साली खुला झाल्यावर तो मुंबईशी सलग जोडला गेला. चाळीसगाव–धुळे हा फाटा १९०० साली सुरू झाला. लोहमार्गाचे वळण तपासण्याची रीत अतिशय साधी आहे. २० मी. लांबीची दोरी बाहेरच्या रुळाच्या आतल्या कडेवर दोन बिंदूंत ताणून धरतात आणि दोरीच्या मध्यापासून रुळापर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजतात. ५०,००० या संख्येला या अंतराने भागले की, वळणाची त्रिज्या मीटरमध्ये मिळते, उदा., ८७५ मी. त्रिज्येच्या वळणावर हे अंतर सु. ५७ मिमी. भरते. दर १० मी. अंतरावर घेतलेली मापे सारखी आली, तर वळण निर्दोष समजावे. ती कमीजास्त आली, तर त्या जागी डब्यास हिसका बसणार हे आधीच कळते. या अंतराला इंग्रजीतून आलेले व्हर्साइन हे नाव रेल्वेत चालते. भारतीय गणितात त्याचा आधार असलेल्या राशीस उत्क्रमज्या म्हणतात आणि भास्कराचार्यांच्या सिद्धांतशिरोमणीत ती येते. चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे. त्याच परिसरातून पुढे गेलेल्या लोहमार्गाचे वळण दोरी ताणून उत्क्रमज्येनेच मोजले जावे, हा योगायोगच म्हटला पाहिजे.

वळणावर बाहेरचा रूळ किती उचलावा, याचेही सूत्र ठरलेले आहे. रुंदमापी मार्गावर १,७५० या संख्येस ताशी वेगाच्या वर्गाने गुणून त्यास १२७ आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराने भागतात. वरील ८७५ मी. त्रिज्येच्या वळणावर ताशी १०० किमी. वेगासाठी ही उचल सु. १५७ मिमी. येते. रस्त्याच्या बांधणीतही हाच १२७ आकडा आढळतो, कारण ताशी किलोमीटरमधील वेग आणि गुरुत्वीय प्रवेग यांच्या एककांचा मेळ घालताना तो आपोआप निघतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांप्रमाणे रस्त्याचा आडवा उतार आणि टायरचे आडवे घर्षण (०.१५) यांची बेरीज वेगाचा वर्ग भागिले १२७ गुणिले त्रिज्या एवढी असावी लागते. बर्फ न पडणाऱ्या डोंगराळ भागात आडवा उतार कमाल १० टक्के धरल्यास ५० मी. त्रिज्येच्या वळणाचा सुरक्षित वेग ताशी सु. ४० किमी. ठरतो, सपाट प्रदेशातील ७ टक्के उतारास तो सु. ३७ किमी. येतो.

या सर्व मापनात चालक कोठेच नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मोजले जाते ते मार्गाचे वळण. वाहन हाकणाऱ्याने ते कसे घेतले याची नोंद होत नाही. फ्रेंच अभियंता हल्लाद यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रचारात आणलेल्या आणि भारतीय रेल्वेनेही वापरलेल्या उपकरणात धावत्या डब्याच्या आडव्या व उभ्या हेलकाव्यांच्या रेषा कागदी पट्टीवर उमटत. आजच्या शर्यतीच्या आलेखाशी त्या पट्टीचे साम्य पाहणाऱ्याच्या चटकन लक्षात येते. पण तिचा उद्देशही रूळ तपासणे हाच होता. चालकाची स्वतःची नोंद प्रथम आली ती एंजिनातील वेगलेखकामुळे. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील हास्लर कंपनीची कागदी पट्टीवर वेग नोंदणारी यंत्रे भारतीय एंजिनांवर दीर्घकाळ होती. नंतर त्यांची जागा इलेक्ट्रॉनिक वेगलेखकांनी घेतली. त्यांतील नोंदी उतरवून घेऊन चालकाने ब्रेक कोठे व किती लावला, वेगमर्यादा पाळली की नाही, हे निरीक्षक तपासतात. भुसावळसारख्या मोठ्या केंद्रातील एंजिनचालकांच्या पिढ्या अशा नोंदीखाली वावरल्या आहेत. ही नोंद चालकाविषयी असली, तरी ती वाचणारा अधिकारी असतो. चालकाने आपली नोंद आपणच वाचून आपले कौशल्य सुधारावे, ही कल्पना मोटारशर्यतीतून आली.

शर्यतीतील दूरमापन : शर्यतीत वळणाचा शास्त्रीय विचार प्रथम कागदावर झाला. इटालियन अभियंता व शर्यतपटू पिएरो तारुफी (१९०६–८८) यांनी १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वळणातील मार्गांचे भूमितीने विवेचन केले. अमेरिकेत बफालो येथील कॉर्नेल वैमानिकी प्रयोगशाळेत विल्यम मिलिकन (१९११–२०१२) आणि त्यांचे सहकारी याच सुमारास विमानाच्या स्थैर्याचे गणित मोटारीस लावीत होते. मोटारीवर प्रत्यक्ष मापके बसली ती १९६० नंतरच्या दशकात. फोर्ड कंपनीने जीटी-४० या मोटारीच्या चाचण्यांत अवकाशसाधने बनविणाऱ्या आपल्याच विभागाची उपकरणे वापरली; टेक्सस राज्यातील मिडलंड येथे जिम हॉल यांच्या चॅपरल मोटारींवर शेव्हर्ले कंपनीच्या संशोधन विभागाने दूरमापनाचे प्रयोग केले. यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी घेतलेले शर्यतपटू मार्क डॉनह्यू (१९३७–७५) यांनी मापन हा स्वतःच्या चालनाचाच भाग मानला. १९७६-७७ मध्ये टिरेल संघाच्या सहा चाकी मोटारीवर कार्ल केंफ यांनी कॅसेटवर नोंदी घेण्याची व्यवस्था केली. १९८० नंतरच्या दशकात होंडा कंपनीने एंजिनांच्या नोंदी बिनतारी पद्धतीने मार्गाकडेच्या तळावर आणण्यास आरंभ केला आणि थोड्याच वर्षांत सर्व मोठ्या संघांनी ती पद्धत स्वीकारली. २००२ साली तळावरून मोटारीकडे उलट आज्ञा पाठविण्यासही मुभा मिळाली. त्यामुळे चालकाचे काम अभियंता करू लागेल हे ओळखून २००३ पासून ती बंद करण्यात आली. हा निर्णय योग्यच होता.

या तंत्राच्या मुळाशी असलेली कल्पना मिलिकन यांच्या आलेखातून उत्तम समजते. मोटारीचा पुढेमागे होणारा प्रवेग एका अक्षावर आणि आडवा प्रवेग दुसऱ्या अक्षावर मांडला, तर टायरच्या पकडीची मर्यादा साधारण वर्तुळाकार दिसते. पकड ही एकच पुंजी आहे. ती ब्रेकसाठी वापरली तर वळण्यासाठी कमी उरते आणि वळण्यासाठी सगळी वापरली तर ब्रेकसाठी काहीच उरत नाही. कुशल चालकाचे बिंदू वर्तुळाच्या परिघालगत पसरलेले असतात. नवख्याचे बिंदू अधिकचिन्हासारखे, केवळ दोन अक्षांवर गोळा झालेले दिसतात, कारण तो ब्रेक संपवितो, थांबतो, मग वळतो, पुन्हा थांबतो आणि मग वेग वाढवितो. दोन क्रियांच्या सांध्यांत पुंजी पडून राहते आणि वेळ तेथेच गळतो.

अशी मापने भारतातही होतात, परंतु बंद दारांआड. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६६ साली स्थापन झाली. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे संरक्षण खात्याच्या वाहन संशोधन संस्थेचे चाचणीमार्ग आहेत. खानदेशास जवळचा म्हणजे धुळ्याहून आग्रा रस्त्याने सु. अडीचशे किमी. अंतरावरील पीथमपूरचा चाचणीमार्ग होय. तेथील ११.३ किमी. लांबीच्या जलदगती मार्गाचे उद्‌घाटन २९ जून २०२१ रोजी झाले. त्याची वळणे अशी उतरती बांधली आहेत की, ताशी २५० किमी. वेगाने जाणाऱ्या मोटारीस ती घेताना स्टिअरिंग जवळजवळ फिरवावेच लागत नाही. लोहमार्गाच्या उचलीचेच हे परमावधीचे रूप आहे. सामान्य हौशी चालकास मात्र तेथे जाऊन स्वतःचे वळण मोजून घेता येत नाही.

सदृशीकृत शर्यतीचा उगम : चालकास जागेवर बसवून शिकविण्याचे तंत्र विमानविद्येतून आले. एडविन लिंक यांचे वैमानिक-प्रशिक्षण यंत्र १९२९ च्या सुमारास तयार झाले. मोटारीसाठी डाइमलर-बेन्झ कंपनीने १९८५ साली बर्लिन येथे हलणारे भव्य सदृशीकरण यंत्र उभारले. खेळाची परंपरा याहून वेगळी आहे. अटारी कंपनीच्या १९७४ च्या नाण्यावर चालणाऱ्या खेळात स्टिअरिंग आणि पायपट्ट्या होत्या. वळणाचे भौतिकशास्त्र मात्र त्यात नव्हते. ते आणण्याचे श्रेय प्रामुख्याने ब्रिटिश रचनाकार जेफ क्रॅमंड यांचे. १९८४ साली बीबीसी मायक्रो या लहानशा संगणकासाठी त्यांनी रचलेल्या ‘रेव्ह्‌ज’मध्ये सिल्व्हरस्टोनचा मार्ग आणि फॉर्म्युला-३ मोटारीची वागणूक बऱ्याच प्रामाणिकपणे उतरली होती. अमेरिकेत डेव्हिड केमर यांच्या पपायरस संस्थेने १९९८ साली ‘ग्रां प्री लेजंड्स’ हा खेळ आणला. त्यातील १९६७ सालच्या मोटारी इतक्या निसरड्या होत्या की, पहिल्या फेरीत मार्गावर टिकणेही दुरापास्त होई. या खेळाच्या चाहत्यांनी पुनर्दर्शनाच्या फायलींतून आकडे काढून त्यांचे आलेख मांडणारे कार्यक्रम स्वतः रचले. सिम रेसिंगमधील दूरमापनाचा आरंभ असा खेळाडूंच्या हातून झाला, ही गोष्ट उल्लेखनीय होय. २००५ च्या ‘आरफॅक्टर’मधील नोंदी १९८७ साली ऑस्ट्रेलियात स्थापन झालेल्या मोटेक कंपनीच्या, खऱ्या शर्यतसंघांनी वापरावयाच्या विश्लेषण-कार्यक्रमात उघडण्याची सोय झाली आणि शौकीन खेळाडू व व्यावसायिक अभियंता यांच्यापुढे एकच आलेख आला. केमर यांनी पुढे काढलेली ‘आयरेसिंग’ ही सेवा २००८ साली सुरू झाली. तीत लेसर किरणांनी मोजलेले मार्ग असून नोंदी सेकंदास ६० वेळा लिहिल्या जातात. ताशी १८० किमी. वेगाने जाणाऱ्या मोटारीची अशी एक नोंद सु. ८३ सेंमी. अंतरास पडते.

हे कौशल्य खऱ्या मार्गावर उतरते काय, याची परीक्षा २००८ साली सुरू झालेल्या ‘जीटी ॲकॅडेमी’ या स्पर्धेने घेतली. तिचे पहिले विजेते स्पेनचे लुकास ऑर्दोन्येस २०११ च्या ल मांस येथील २४ तासांच्या शर्यतीत आपल्या गटात दुसरे आले. २०११ चे विजेते ब्रिटनचे यान मार्डनबरो २०१३ मध्ये तेथेच गटात तिसरे आले. २००९ पासून फॉर्म्युला-१ मध्ये हंगामातील चाचण्यांवर कडक निर्बंध आल्याने मोठ्या संघांनाही सदृशीकरणाकडे वळावे लागले. २०२० च्या टाळेबंदीत खऱ्या शर्यती थांबल्या, तेव्हा २२ मार्च रोजी बहरीनची आभासी ग्रां प्री झाली आणि हा खेळ एकदम सर्वांच्या परिचयाचा झाला.

वळणाचा आलेख : नोंदी मांडताना आडव्या अक्षावर काळ न घेता अंतर घेतात. हा बदल वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु दोन फेऱ्यांची तुलना काळाच्या अक्षावर केली, तर एका फेरीतील वळण दुसऱ्या फेरीतील सरळ भागासमोर येते; अंतराच्या अक्षावर तेच वळण बरोबर एकाखाली एक येते. त्याखाली दोन फेऱ्यांतील वेळेच्या फरकाची रेषा असते. ती जेथे चढू लागते तेथे वेळ जात आहे असे समजावे. येथे नवख्याची पहिली फसगत होते. रेषा बहुधा वळणानंतरच्या सरळ भागात चढत असते, म्हणून तो दोष एंजिनास देतो. वस्तुतः चूक ५०-१०० मी. आधी, वळणातून बाहेर पडताना झालेली असते. ज्या जागी वेळ जाताना दिसतो तेथे कारण शोधू नये, त्याच्या मागे सरकत जावे, हा या वाचनातील पहिला धडा होय.

एका काल्पनिक वळणाचा हिशेब यासाठी उपयुक्त आहे. मोटार ताशी १८० किमी. वेगाने येते, वळणात तिचा वेग ताशी ९० किमी. इतका उतरतो आणि पुढे ५०० मी. सरळ मार्ग आहे असे मानू. चालकाने ब्रेक ५ मी. उशिरा लावला आणि तरीही वेग योग्य ठिकाणी उतरविला, तर ते ५ मी. अंतर त्याने ९० ऐवजी १८० च्या वेगाने कापले, म्हणजे ०.१ सेकंद वाचविला. उलट, बाहेर पडताना त्याचा वेग ९५ ऐवजी ९० राहिला आणि दोन्ही वेळी वेगवाढ सेकंदास ४ मी. प्रतिसेकंद धरली, तर पुढील ५०० मीटरांत तो ०.२ सेकंदांहून थोडे अधिक गमावतो. उशिरा ब्रेक लावण्याचा थरार शरीरास जाणवतो, बाहेर पडतानाचा मंदपणा जाणवत नाही. म्हणून नवखा चालक फायद्याच्या जागी आपले सारे धाडस खर्च करतो आणि दुप्पट तोटा पदरी घेऊन समाधानाने पुढे जातो. अंगाला वेगवान वाटलेली फेरी घड्याळात मंद का ठरते, त्याचे हे उत्तर आहे.

वेगाची रेषा वळणात दरीसारखी खाली जाते. दरीचा तळ रुंद व सपाट असेल, तर चालक वळणात नुसता वाहत जात आहे. ब्रेकही नाही आणि ॲक्सिलरेटरही नाही. तळ अरुंद पण फार खोल असेल, तर प्रवेशाचा वेग अवाजवी उतरविला आहे. मोटार आतल्या कडेच्या सर्वांत जवळ येते त्या बिंदूस खेळाडू एपेक्स म्हणतात. वेगाचा तळ या बिंदूच्या बराच पुढे आढळल्यास ब्रेक उशिरा लागला व मोटार बाहेर फेकली गेली, असा निष्कर्ष निघतो. लांब सरळ मार्गापूर्वीच्या वळणात हा बिंदू थोडा पुढे घेणे हितकारक असते, कारण त्यामुळे बाहेर पडण्याचा मार्ग अधिक सरळ होतो.

ब्रेकची रेषा सर्वांत बोलकी असते. कुशल चालकाची रेषा झटकन उंच चढते आणि मोटार वळू लागते तसतशी तिरपी उतरत जाते. उतरण्याचा हा तिरपेपणा म्हणजेच ब्रेककडून वळणाकडे केलेला पकडीचा हवाला. नवख्याची रेषा हळूहळू चढते व एकदम तुटते. ब्रेक एकदम सुटला की पुढील चाकांवर आलेला भार मागे सरकतो आणि नेमक्या वळण्याच्या क्षणी पुढील टायर हलके पडतात. मग स्टिअरिंगची रेषा वाढत जाते, पण आडव्या प्रवेगाची रेषा वाढत नाही. या दोन रेषा अशा फारकत घेऊ लागल्या, तर पुढील टायर घसरत आहेत आणि चालक स्टिअरिंग आणखी फिरवून त्यांना अधिकच घासत आहे. स्टिअरिंगची रेषा उलट दिशेस झटके घेत असेल, तर मागील टायर सुटत आहेत. ॲक्सिलरेटरची रेषा दाबली, सोडली, पुन्हा दाबली अशी करवतीसारखी दिसल्यास तो दाबण्याची वेळच आधी आली होती. एकदा दाबून मग न सोडता येईल इतका वेळ थांबणे जवळजवळ नेहमीच अधिक फलदायी ठरते.

येथे साधनांविषयी एक सूचना आवश्यक आहे. स्वस्त पायपट्ट्यांमध्ये ब्रेक किती खाली गेला हे मोजले जाते, किती जोराने दाबला हे मोजले जात नाही. खऱ्या मोटारीत पायाची स्मृती जोराची असते, अंतराची नसते. दाब मोजणारी पट्टी वापरल्यावर अनेकांच्या ब्रेकच्या रेषा एकदम सुधारतात, त्याचे कारण हेच. महागडे स्टिअरिंग घेण्याआधी ही पट्टी घेणे शहाणपणाचे होय.

तुलना कोणाशी करावी, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. दुसऱ्या वेगवान खेळाडूची फेरी समोर ठेवण्याची प्रथा सर्रास आढळते. परंतु त्याच्या मोटारीची जुळवणी, इंधनाचा भार आणि मार्गाचे तापमान निराळे असू शकते आणि त्याचा ब्रेकचा बिंदू उसना घेणारा खेळाडू बहुधा वाळूत जातो. स्वतःच्याच दहा फेऱ्यांतील उत्तम व मध्यम यांची तुलना अधिक शिकविते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर सुधारणा कशाने झाली ते आलेखही सांगू शकत नाही.

मर्यादा : सिम रेसिंगमधील नोंद ही जगाची नोंद नसून गणिताच्या प्रतिकृतीची नोंद आहे. टायरच्या प्रतिकृतीत दोष असेल, तर खेळाडू तो दोषच कौशल्य म्हणून शिकतो. खुर्चीत बसलेल्या शरीरास आडवे बल जाणवत नाही. डोळे, कान आणि स्टिअरिंगमधून हातास येणारा ताण यांवरच त्यास भागवावे लागते. सर्वांत मोठी उणीव भीतीची आहे. चूक फुकट असल्याने ती शंभर वेळा करून तपासता येते, हा या तंत्राचा खरा लाभ. पण चूक फुकट असते ही सवय अंगी मुरणे हा त्याचाच धोका. शर्यतीचा मार्ग रस्त्याची सगळी रुंदी वापरतो: बाहेरून आत आणि आतून पुन्हा बाहेर. सार्वजनिक रस्त्यावर यांतील निम्मी रुंदी समोरून येणाऱ्याची असते. रावेर-यावलकडून केळी भरून आलेला ट्रक किंवा घाट उतरणारी एस.टी. वळणाआडून केव्हा येईल, हे कोणताही आलेख सांगत नाही. औट्रम घाटात एपेक्स शोधणारा चालक स्वतःबरोबर इतरांचाही जीव पणास लावतो. वळणाआधीच ब्रेक संपविणे, नजर दूर ठेवणे, हात शांत ठेवणे आणि वेगाचा वर्ग स्मरणे, एवढेच शर्यतीतून रस्त्यावर आणण्याजोगे आहे. ब्रेक वळणात ओढत नेण्याचे कसब शर्यतीच्या मार्गावरच सोडून यावे.

खानदेशातील शर्यतीची जुनी आवड बैलांच्या शर्यतींतून दिसते. त्या सरळ धावपट्टीवर होत असल्याने वळणाचे कसब त्यांत नसते. मोटारशर्यतीत भारतातील एक ठळक उदाहरण मुंबईचे जेहान दारूवाला यांचे आहे. कार्टिंगपासून आरंभ करून २०११ साली फोर्स इंडिया संघाच्या शोधमोहिमेत निवडले गेलेले दारूवाला पुढे फॉर्म्युला-२ पर्यंत पोहोचले. असा प्रवास महानगराबाहेरच्या, कार्टिंगचा मार्गही जवळ नसलेल्या मुलास आजवर जवळजवळ अशक्य होता. संगणक, स्टिअरिंग व दाब मोजणारी पायपट्टी यांचा खर्च मध्यमवर्गीय कुटुंबास जड असला, तरी तो खऱ्या शर्यतीच्या खर्चापुढे नगण्य आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने इलेक्ट्रॉनिक क्रीडाप्रकारांना बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता देऊन त्यांचा कारभार युवक व क्रीडा मंत्रालयाकडे सोपविला. दरम्यान, चालकाची नोंद शर्यतीबाहेरही पसरली आहे. १ जानेवारी २०१९ पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत स्थाननिर्देशक यंत्र बंधनकारक झाले, आणि मालवाहतूकदारांनी बसविलेली अनेक यंत्रे वळण फार जोरात घेतल्याची सूचना मालकाच्या दूरध्वनीवर पाठवितात. सुरत–नागपूर महामार्गावरील ट्रकच्या अशा नोंदी आज रोज तयार होतात. ज्याच्या हातून वळण घेतले गेले तो चालक मात्र त्या क्वचितच पाहतो.